परसातली सकाळ : नावांची यादी नको, काय करत होता ते सांगा

अंगणवेल

पानगळ उरकून झाडांना कोवळी पालवी फुटली की परसातली सकाळ एकदम गजबजते. थंडीत गप्प असलेले पक्षी गळा मोकळा करतात, भिंतीच्या फटींतून सरडे उन्हाला येतात, फुलांवर माश्यांची ये-जा वाढते. हा धागा या सकाळींसाठी.

विनंती एकच. किती जाती दिसल्या याची यादी देऊ नका. एक जीव निवडा, पक्षी, खार, माशी, कोळी, काहीही, आणि तो काय करत होता ते सांगा. नाव माहीत नसलं तरी चालेल. मोठी बाग हवी असंही नाही. बाल्कनीतली कुंडी, गच्चीचा कठडा, जिन्यातली खिडकी, जे आहे ते.

माझ्यापासून सुरुवात करते. माझ्याकडे दयाळ आहे. थंडीभर तो कुंपणाच्या कडेनं नुसतं कोरडं 'चर्र' करत हिंडतो, कुणाचं लक्षही जात नाही. दिवस मोठा व्हायला लागला की तोच पक्षी अंधार असतानाच सगळ्यात उंच शेंडा गाठतो आणि गायला बसतो. दिवस वाढतोय हे पक्ष्याला फक्त डोळ्यांनी कळतं असं नाही. त्याच्या मेंदूत आत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो. तिथून संप्रेरकं जागी होतात आणि मग गाणं. हे वाचल्यापासून मला त्याचं गाणं ऐकताना दरवेळी तो झिरपलेला उजेड आठवतो.

परवा मादी कुंपणावर येऊन बसली. नर जिथे काळाभोर असतो तिथे ती राखाडी असते, त्यामुळे ओळखायला सोपी. तो गाणं अर्धवट टाकून खाली उतरला, अंग फुलवलं, चोच आभाळाकडे केली, शेपटी पसरली आणि तिच्यासमोर येरझाऱ्या घालायला लागला. ती गवतातले किडे टिपत राहिली, मग उडून गेली. तो परत शेंड्यावर आणि गाणं पुन्हा सुरू.

आता तुम्ही सांगा.

तिसरा मजला

शिंपी पक्ष्याबद्दल लिहिते, कारण त्याचं काम मी हातभर अंतरावरून पाहिलंय आणि अजूनही त्यातून बाहेर आलेले नाही.

बाल्कनीत रुंद पानांचं एक झाड आहे. सकाळी मी खिडकीच्या आत, पडद्याआड बसते. नर बाहेर तारेवर बसून 'टुविट टुविट' करत असतो. एवढ्याशा जिवाचा आवाज केवढा! या दिवसांत त्याच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब वाढलेली असतात. पण शिवायचं काम मादीचं. ती आधी पान निवडते. म्हणजे खरोखर निवडते: त्यावर बसते, कडेनं सरकते, चोचीनं ओढून बघते, सोडून देते, दुसऱ्यावर जाते. पसंत पडलं की पानाच्या कडेला चोचीच्या टोकानं बारीक भोक पाडते. मग कोळ्याच्या जाळ्याचा नाहीतर कापसाचा तंतू आणते, या भोकातून आत घालते, समोरच्या कडेच्या भोकातून ओढून घेते. गाठ वगैरे नाही. बाहेर आलेलं तंतूचं टोक पिंजून फुगतं आणि तेवढ्यानंच तो अडकून राहतो. एकेक टाका सुटा. एखादा निसटला तर बाकीच्यांना काही होत नाही.

मला सगळ्यात जास्त काय भावलं, तर पान जिवंत राहतं. भोकं इतकी बारीक असतात की कडा तपकिरीसुद्धा पडत नाही. वरची हिरवी बाजू बाहेरच राहते, म्हणून मला जागा माहीत असूनही दुसऱ्या दिवशी घरटं चटकन सापडेना. आत ती मऊ कापूस भरते.

धागा कुठून आणते ते शोधलं. बाल्कनीच्या छताच्या कोपऱ्यातली जळमटं. मी तिथे आता झाडू लावत नाही आणि घरच्यांनाही लावू देत नाही.

कवडसा

ताई, जळमटं ठेवलीत हे फार चांगलं केलंत. मी त्याच धाग्याची दुसरी बाजू सांगतो.

माझ्या कुंपणात चक्राकार जाळं विणणारा कोळी आहे. उजाडायच्या सुमारास टॉर्चवर लाल कागद लावून बघत बसतो. आधी मधून बाहेर जाणारे आरे. मग मधूनच बाहेरच्या दिशेनं एक विरळ वेटोळं, ज्याला चिकटपणा नसतो. ही त्याची परांची. बाहेर पोचला की उलटा फिरतो आणि बाहेरून आत चिकट वेटोळं घालत येतो, अगदी दाट. येता येता ती आधीची परांची काढून टाकत जातो. प्रत्येक आऱ्यावर पाय टेकवून अंतर घेतो आणि मगच धागा डकवतो. असे बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातूनच नव्या जाळ्याचं रेशीम करतात.

उन्हं आली की जाळं चमकतं आणि सगळे फोटो काढतात. पण खरं बघण्याजोगं त्याच्या आधी होऊन गेलेलं असतं.

पहाटपाळी

रात्रपाळी करून मी घरी येतो तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण नुकते उठलेले असतात. मला जे दिसतं ते दिवसाचं पहिलं नसून रात्रीचं शेवटचं असतं, पण चालेल असं धरतो.

आमच्या दोन इमारतींच्या जोडात एक उभी फट आहे. त्यात छोटी वटवाघळं राहतात, किडे खाणारी, मुठीत मावतील एवढी. संध्याकाळी ती एकेक करून सुटतात आणि क्षणात नाहीशी होतात. परत येतानाची गोष्ट निराळी. सरळ आत शिरत नाहीत. फटीसमोर येतात, भिंतीला जेमतेम टेकतात, वळतात, पुन्हा फेरा घेतात. दुसरं येतं, तिसरं येतं. पूर्वेला फटफटायला लागलं की एवढ्याशा जागेत त्यांच्या घिरट्याच घिरट्या. एकालाही दुसऱ्याचा धक्का लागत नाही. त्यांची ओरड माणसाच्या कानाच्या पलीकडची, त्यामुळे मला हे सगळं निःशब्द दिसतं. मग एक आत जातं, आणि पाठोपाठ बाकीची.

या घिरट्यांमुळे उशिरा येणाऱ्यांना वस्तीची जागा कळते असं अभ्यासक मानतात. कुणाच्या इमारतीत फटी बुजवायचं निघालं तर आधी एखादी संध्याकाळ खाली उभं राहून बघा, त्यातून कोण बाहेर पडतंय ते.

परसबाग

माझ्या परसात एक वाळकी फांदी आहे. ती तोडा, असं येणारा प्रत्येक जण सांगतो. मी तोडत नाही, आणि का ते इथे सविस्तर सांगतो.

तांबट तुम्ही ऐकला असेलच: 'टुक टुक टुक', एका लयीत, ऊन चढेपर्यंत. चोच उघडत नाही, प्रत्येक टुकला गळ्याखालची कातडी फुगते. डोकं इकडून तिकडे वळवतो म्हणून आवाज कुठून येतोय ते लवकर सापडत नाही. हिरवा पक्षी, कपाळ लाल, गळ्यावर पिवळं. पालवीत बसला की दिसेनासा.

पण फांदीवर काम करताना दिसतो. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला त्यानं बीळ कोरलं. खालच्या बाजूला का, ते पाऊस डोळ्यासमोर आणला की कळतं. ढोलीत गेल्यावर नुसतं शेपटीचं टोक बाहेर, आणि आतून ठकठक. मग मागे सरकून तोंड बाहेर काढायचं, चोचीतला भुसा टाकायचा, परत आत. नर आणि मादी पाळीपाळीनं. एक आलं की दुसरं जागा सोडतं. भुसा खालच्या पानांवर पडलेला असतो, पिवळट, मऊ. बोटांनी चुरला तर पीठ होतं. ओल्या, जिवंत लाकडात तांबटाच्या चोचीचा निभाव लागत नाही. त्याला अशी मेलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदीच लागते. अशी ढोली सोडून गेला की तिथे पुढे दुसरं कुणीतरी राहायला येतं. वरच्या दयाळालाही घरट्याला झाडातलं भोकच लागतं.

ज्या फांदीखाली कुणाची वाट नाही आणि जी पडून कुणाला लागणार नाही, अशी एखादी तरी वाळकी फांदी राहू द्या. पक्ष्यांसाठी टांगायची लाकडी घरं त्यानंतर.

निळी खिडकी

मी बघतेय त्याचं काय करावं ते विचारायला आले. जांभळा सूर्यपक्षी, नर, उन्हात चमकणारा. रोज सकाळी खिडकीच्या काचेवर येतो आणि चोचीनं मारत सुटतो. थकला की गजावर बसतो, धापा टाकतो, परत सुरू. मुलांना गंमत वाटते, मला मात्र बघवत नाही.

अंगणवेल

ताई, काचेत त्याला दुसरा नर दिसतोय. हा त्याचा विणीचा काळ, आणि आपल्या हद्दीत आलेला नर त्याला चालत नाही. हाकलायला जावं तर समोरचा तितक्याच जोरानं अंगावर येतो आणि पळून कधीच जात नाही, म्हणून याचंही थांबत नाही. ही ऊर्मी किती जबर असते त्याचा एक दाखला देते. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात पक्षी-अभ्यासक डेव्हिड लॅक यांनी लाल छातीच्या रॉबिन पक्ष्याचा अभ्यास केला. नुसता लाल पिसांचा झुबका ठेवला तरी नर त्याच्यावर तुटून पडले. त्याला डोकं नव्हतं, पंख नव्हते, पाय नव्हते.

काचेला बाहेरून कागद लावा किंवा साबणाचा पातळ हात फिरवा. आतून पडदा ओढून उपयोग नाही, उलट प्रतिबिंब जास्त ठळक होतं. विणीचा काळ सरला की तोही शांत होईल. गाडीचे आरसे असतील तर त्यांच्यावर पिशवी घाला.

निळी खिडकी

आत्ताच बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं. आला, गजावर बसला, दोन्ही बाजूंना मान वळवून पाहिलं आणि समोरच्या फुलांवर गेला. खूप आभार.

कानोसा

माझी नजर अधू झाली आहे आणि ती परत यायची नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी या धाग्यावर मला लिहायचंय, कारण सकाळी मी इतरांपेक्षा कमी बघतो असं मला वाटत नाही.

मागच्या दारात खुर्ची टाकून बसतो. माझ्याकडे अंगण आवाजांनी आखलेलं आहे. डावीकडे खारीचं झाड, समोर बुलबुलांची झुडपं, उजवीकडे सातभाईंचा पालापाचोळा. तो पाला मी काढू देत नाही. तो वाजला नाही तर मला सातभाई दिसणार नाहीत.

मांजर आलं की सगळ्यात आधी खार सांगते. 'चिक्, चिक्, चिक्', एकाच चालीत, कितीतरी वेळ. प्रत्येक आवाजाबरोबर शेपटीला झटका बसतो असं नातू सांगतो. मग सातभाई कर्कश कलकलाट करत गोळा होतात, बुलबुल त्यांच्यात सामील. मांजर सरकेल तसा हा गोंगाटही कुंपणाच्या कडेनं सरकत जातो. ते आत्ता कुठे आहे ते मी बोट दाखवून सांगू शकतो.

शिक्रा आला की मात्र वेगळंच होतं. कुठूनतरी एक बारीक, उंच, ताणलेली 'सीऽऽ' आणि मग काहीच नाही. सगळं अंगण श्वास रोखतं. ती 'सीऽऽ' कोणत्या बाजूनं आली ते मला, ज्याचा सगळा भरवसा कानांवर आहे त्याला, सांगता येत नाही. बरीच वर्षं याचं नवल वाटायचं. नंतर नातवानं वाचून दाखवलं की १९५५ साली पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी नेमकं हेच मांडलं होतं. बारीक, उंच, हळूच सुरू होऊन हळूच विरणाऱ्या आवाजाची दिशा कानांना पकडता येत नाही, म्हणून उडत्या शिकाऱ्यासाठी तो इशारा. खरखरीत, तुटक आवाजाची दिशा लगेच कळते, म्हणून बसलेल्या शिकाऱ्याभोवती सगळ्यांना बोलवायला तो. एक लपण्याचा, दुसरा जमण्याचा.

तुमच्यापैकी ज्यांना चांगलं दिसतं त्यांनी एखाद्या सकाळी डोळे मिटून बसून बघा. सुरुवातीला नुसता गलका वाटेल. थोडं थांबलात की त्यातून एकेक जण वेगळा व्हायला लागतो.

माती

काका, तुमचं वाचून आज सकाळी मी खरंच डोळे मिटून बसले होते. बुलबुल आणि सातभाई वेगळे ओळखता आले, बाकीचं अजून नाही.

माझ्याकडचा जीव छोटा आहे. गुलाबाच्या पानांच्या कडेला गोल गोल कापलेलं दिसलं की लोक कीड समजून फवारणी करतात. थांबा. अळीनं खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं. हे काप कसे, कंपास लावून काढलेले. ही पान कापणाऱ्या मधमाशीची करणी आहे, आणि ती पान खात नाही.

ती येते, कडेवर बसते, पान पायांत धरते आणि जबड्यानं कापत स्वतःभोवती वळत जाते. काही सेकंदांचंच काम. शेवटची शीर तुटायच्या आत तिचे पंख सुरू झालेले असतात, त्यामुळे तुकडा सुटला की तो पोटाशी घेऊन थेट हवेत. माझ्याकडे ती भिंतीतल्या जुन्या खिळ्याच्या भोकात जाते. लांबट तुकड्यांच्या भिंती, गोल तुकड्याचं झाकण. प्रत्येक खोलीत पराग आणि मधुरसाचा गोळा, त्यावर एक अंडं, झाकण, मग पुढची खोली. पराग ती पायांवर न आणता पोटाखालच्या केसांवर आणते, त्यामुळे परतताना तिचं पोट पिवळं दिसतं. तिला पोळं नाही, राणी नाही, मदतीला कुणी नाही. सगळं एकटीनं. सगळ्यात आतल्या खोल्यांत माद्या वाढतात आणि दाराजवळच्या खोल्यांत नर. नर आधी बाहेर पडतात, त्यामुळे वाट अडत नाही.

थोडी पानं जातात, झाड मरत नाही. तेवढी तिला द्यावीत.

दूरदेशी

मी राहते तिथे बर्फ वितळून गवत उघडं पडलं की अमेरिकन रॉबिन येतात, आणि त्यांची गांडुळं शोधायची तऱ्हा बघत मी खिडकीत उभी असते. दोन-चार पावलं धावायचं, ताठ थांबायचं, मान एका बाजूला कलती करायची, क्षणभर स्तब्ध, आणि एकदम चोच मातीत. गांडूळ बिळात घट्ट रुतून असतं. झटका देऊन तुटू न देता, ताण धरून, तो त्याला हळूहळू बाहेर काढतो.

ती मान कशासाठी कलते, यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केलेत. १९६५ मध्ये फ्रँक हेपनर यांचा निष्कर्ष होता की तो बघतो. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे खाली बघायला मान वळवावी लागते. १९९७ मध्ये मॉन्टगोमेरी आणि वेदरहेड यांनी मातीत अळ्या पुरून दिसणं, वास, कंपनं असे मार्ग एकेक करून बंद केले, तरी रॉबिननं त्या शोधल्या. म्हणजे ऐकूनही शोधता येतं. मला वाटतं तो दोन्ही करत असावा. कानोसा काका, हे वाचून तुम्हाला आनंद होईल म्हणून खास लिहिलं.

कानोसा

झाला. नातवाकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं.

दगडी पायरी

चिमण्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही? कोरड्या मातीत खळगा करून चिमण्या धुळीची अंघोळ करतात ते बघायला मी मातीचा एक पट्टा मुद्दाम मोकळा ठेवलाय. २० मार्चला चिमणी दिन असतो, २०१०पासून, आणि त्या दिवशी सगळे दाणे टाकतात. पण घरट्यातल्या पिल्लांना दाण्यापेक्षा किडे-अळ्या जास्त लागतात. वर माती ताईंनी फवारणीबद्दल लिहिलंय ते चिमण्यांसाठीही तितकंच खरं आहे.

नवी पालवी

घाईत विचारते. झुडपाखाली बुलबुलाचं पिल्लू आहे, पिसं आलीत, शेपूट आखूड, नीट उडता येत नाही. उचलून घरात आणू का?

परसबाग

नको. पिसं आलेली पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्याबाहेर पडतात आणि आईबाप त्यांना जमिनीवर, झुडपात भरवत राहतात. मांजर-कुत्रं दूर ठेवा, स्वतः लांब व्हा आणि बघा. मोठे पक्षी येतात का ते कळेल. अगदीच उघड्यावर असेल तर उचलून जवळच्या दाट फांदीत ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात हे खरं नाही.

नवी पालवी

आले! दोघंही आले. चोचीत हिरवी अळी होती. लांबून बघतेय.

भिंतीवरचं ऊन

सरड्याचं सांगते. सकाळी ऊन भिंतीवर आलं की नर वर चढतो. एरवी मातकट असलेला, आता डोकं आणि गळा लालभडक. पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो, गळ्याची पिशवी ताणतो. दुसरा नर दिसला तर आणखी जोरात. मुलं घाबरतात, पण तो चावरा नाही, विषारी तर नाहीच.

मला सांगायचंय ते मादीचं. काल वाफ्यात ती खोदत होती. पुढच्या पायांनी माती उकरायची, मागच्यांनी ढकलायची, मधेच थांबून मान उंचावून सगळीकडे बघायचं. खड्डा झाल्यावर पाठमोरी होऊन त्यात अंडी घातली, पांढरी, लांबट. माझी सावली पडू नये म्हणून मी बसल्या जागेवरून हलले नाही. त्यानंतर तिनं जे केलं ते मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. माती परत ओढली आणि नाकाडानं ठोकून ठोकून दाबली. एका जागी दाबायचं, जरा सरकायचं, पुन्हा दाबायचं. उरलेली ढेकळंसुद्धा इकडे तिकडे सारली. ती गेल्यावर वाफ्याचा तो भाग आजूबाजूच्या मातीतून वेगळा ओळखू येईना. अंड्यांकडे ती परत येत नाही, त्यामुळे जे काही करायचं ते तिनं तेवढ्यातच केलं.

पिल्लं निघायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. कवच मऊ असतं आणि अंड्यांना मातीतली ओल लागते, म्हणून चारी कोपऱ्यांना काटक्या रोवल्यात. त्या चौकोनात खुरपं चालवायचं नाही, पाणी फक्त कडेनं शिंपडायचं, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.